नवव्या फोटोतली सही

बेळगाव
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. दीपंकर,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. तुझी आज्जी माझ्याकडे राहायला आल्यापासून तिचा गुडघा बरा आहे आणि माझा टीव्ही तिच्या ताब्यात आहे. थंडी चांगली पडली आहे. तुला अठरा पूर्ण झाल्याचे पेढे पोचले, लायसन्सचा फोटोही पाहिला. त्यात तू फरारी आरोपीसारखा दिसतोस, पण वाईट वाटून घेऊ नको, लायसन्सवर सगळेच तसे दिसतात.

तू फोनवर म्हणालास, "आत्या, नुसतं बोलून उपयोग न्हाय, लिहून दे. पप्पा म्हणत्यात, उपासनानं लिहून दिलं तरच गाडीला हो." तुझ्या पप्पांचं, माझ्या आण्णाचं, हे मला नवीन नाही. निपाणीत तीस वर्षं गणित शिकवतोय, तोंडी उत्तराला त्यानं कधी मार्क दिलेले नाहीत. तेव्हा लिहिते.

प्रश्न असा आहे: अठरा वर्षांच्या पोरानं पहिलीच गाडी म्हणून एकोणीस वर्षांची जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? म्हणजे गाडी तुझ्यापेक्षा वर्षानं मोठी. स्थळ असतं तर आज्जीनं पत्रिका न बघताच परत पाठवलं असतं.

मी बावीस वर्षं मोटार विम्याची सर्वेक्षक आहे. गाडीला अपघात झाला की मी जाते, काय मोडलं, कशानं मोडलं ते बघते आणि लिहिते. मी लिहिते त्यावर कंपनी पैसे देते. त्यामुळे जे सांगते ते मोडलेल्या गाड्या बघून सांगते, चकचकीत नाही.

पहिली गोष्ट, पहिली गाडी खरचटून घेण्यासाठी असते. तुझ्या वडिलांनी पहिल्या सहा महिन्यांत घराचं फाटक, शेजारच्या मारुतीरावांची मोटरसायकल आणि स्वतःचीच पाण्याची टाकी ठोकली होती. हे त्याला मी सांगितलं म्हणून सांगू नको. त्याची गाडी साधी होती, पत्रा ठोकून सरळ केला आणि विषय संपला. तुझ्या या लाल बाईसाहेबांचा मागचा एक दिवा फुटला तर तो मिळेपर्यंत तुझी परीक्षा होऊन जाईल, कारण ही गाडी बनायची बंद होऊन बारा वर्षं झाली.

दुसरं, हिची सगळी ताकद मागच्या चाकांत आहे. रस्ता ओला असला आणि पाय जरा जास्त पडला की शेपूट पुढं येतं. आणि तुझा रोजचा रस्ता चिकोडीचा. आता कारखाने चालू आहेत, उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून चालल्या आहेत, मागं ना दिवा ना लाल फडकं. जुन्या ड्रायव्हरलाही तिथं घाम फुटतो. तिसरं, गाडी बुटकी आहे. आपल्याकडचे गतिरोधक तिचं पोट खरवडून काढतील.

इथवर लिहून मी चहा घेऊन आले आणि परत वाचलं. सगळं खरं आहे. पण हे तुला मोबाईलवर कुणीही फुकट सांगेल, त्याला आत्या कशाला लागते? शिवाय खरं सांगायचं तर यातल्या एकाही कारणासाठी मी तुला अडवलं नसतं. एकोणिसाव्या वर्षी माझ्यासमोर अशी लाल गाडी कुणी उभी केली असती तर मी कुणाला विचारलंही नसतं. तू निदान विचारलंस.

आता फोटोंचं बोलू. तू अकरा पाठवलेस. पहिले तीन नुसते पॉलिशचे, ते सोड. चौथा डॅशबोर्डचा, किल्ली फिरवलेला. त्याखाली तू लिहिलंस, "एकपण वॉर्निंग लाइट लागत न्हाय आत्या, गाडी एकदम ठणठणीत!" बाळा, किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा चार-पाच सेकंद लागलाच पाहिजे. लागून विझला तर एअरबॅग ठीक आहे. लागून राहिला तर बिघडली आहे. आणि लागलाच नाही, तर कुणीतरी दिव्याचीच जीभ कापली आहे. पाचवा ते आठवा सीट, इंजिन, टायर. दहावा आणि अकरावा तुझे स्वतःचे, गॉगल लावून. बरे आलेत.

नववा राहिला. तो मी चार दिवस उघडून बंद करते आहे.

नववा फोटो गाडीच्या फाइलमधल्या कागदाचा. २०१९ च्या महापुरानंतरचा सर्व्हे रिपोर्ट. 'पाणी पायाखालच्या मॅटिंगपर्यंत. इंजिन, वायरिंग, डॅशबोर्ड सुरक्षित. किरकोळ नुकसान.' खाली माझी सही, शिक्का. आणि तू लिहिलंस, "आत्या!!! सही बघ कुणाची! आता पप्पा न्हाय म्हणूच शकत न्हाईत!"

दीपंकर, तो रिपोर्ट खोटा आहे.

एका वाक्यात लिहून टाकलं, आता सविस्तर सांगते.

त्या ऑगस्टमध्ये दूधगंगा सदलगा-बोरगावात शिरली होती. पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांत मी त्र्याहत्तर गाड्या पाहिल्या. सगळीकडे चिखल, सगळीकडे रडारड. सदलग्यात हरिभाऊ म्हणून रिटायर झालेले मास्तर होते, एकटे राहायचे. त्यांच्या शेडमध्ये ही गाडी तीन दिवस पाण्यात उभी होती. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं होतं, स्टिअरिंग अर्धं बुडलं होतं. माझी एक पद्धत आहे: चिखलाची रेघ धुतली की जाते, म्हणून गाडीत पाय ठेवायच्या आधी मी डाव्या दाराचं रबर ओढते आणि आतल्या पत्र्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं पाण्याची रेघ मारून तारीख टाकते. तशी मारली. रबर परत बसवलं. मग फॉर्म काढून 'टोटल लॉस' लिहायला घेतलं. म्हणजे गाडी संपली, कंपनी मालकाला पैसे देणार आणि सांगाडा उचलून नेणार.

हरिभाऊ मला म्हणाले, "बाई, पैसे नकोत मला. पाणी खालीच होतं असं लिहा की. गाडी तेवढी नेऊ नका."

गाडी त्यांच्या मुलाची होती, सुहासची. बंगलोरला नोकरी लागल्यावर त्यानं हौसेनं घेतलेली, मग तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि सहा वर्षांत एकदाही आला नाही. म्हातारा दर रविवारी गाडी चालू करून दहा मिनिटं आत बसायचा. म्हणाले, "त्याचं या घरात दुसरं काय आहे सांगा? ही पण गेली तर तो कशाला यायचा?"

मला दया आली. दुसरं काही नाही. पैशाचा संबंध नव्हता, त्यांनी दिलेला चहासुद्धा मी घेतला नव्हता. बाकीच्या बहात्तर घरांना मी कोरडं लिहून दिलं होतं, एका घराला वाटलं, ओल ठेवावी. मनात म्हटलं, ही गाडी कुठं रस्त्यावर येणार आहे, शेडमध्येच तर उभी राहणार. आणि 'मॅटिंगपर्यंत' असं लिहिलं.

पुढचं मला तुझ्या फोटोनंतर चौकशी करून कळलं. तिथल्या यल्लाप्पा मिस्त्रीनं इंजिन उघडून साफ केलं आणि गाडी सुरू केली. तो इंजिनाचा चांगला माणूस आहे. वायरिंग आणि एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणारा डबा बदलायला कंपनीनं मंजुरीच दिली नव्हती. देणार कशी? माझ्या कागदावर पाणी तिथवर चढलंच नव्हतं. तो डबा दोन सीटांच्या मधे, मॅटिंगच्या जरा वर असतो. तीन दिवस नदीत भिजलेला डबा सहा वर्षं तसाच गंजत आहे. ट्रॉलीवर आदळलास तर एअरबॅग उघडणार नाही. किंवा काही कारण नसताना, भर वेगात, तोंडावर उघडेल. तू म्हणालास चालवून पाहिली, साठच्या वर नेली नाही. मी तुझ्या वडिलांची बहीण आहे, मला शिकवू नको. ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही.

हरिभाऊ दोन वर्षांपूर्वी गेले. सुहास आला, त्यांची वाट बघून झाल्यावर आला. आठव्या दिवशी गाडी विकून टाकली. मग ती बोरगावात कुणाकडे होती, आणि आता इथल्या लष्करी कॅम्पातल्या या साहेबांकडे. त्यांची बदली झाली आहे म्हणून विकतात. त्यांचा यात काही दोष नाही, त्यांनीही तोच कागद बघून घेतली असणार. दिवा कुणी काढला मला माहीत नाही. पण फाइलमध्ये माझी सही नसती तर त्या दोघा मालकांतल्या एकानं तरी गाडी नीट उघडून पाहिली असती.

आता जे लिहायचं आहे ते तुला अर्धं ठाऊक आहे. आपल्या घरात सही करण्याआधी कागद मोठ्यानं वाचायचा, घरातल्या एकाला ऐकवायचा, ही रीत तुझ्या आज्जाची. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर सही करतानाही आण्णानं तो वाचून दाखवला होता आणि तू हसला होतास. ही रीत का पडली ते तुला कुणी सांगितलं नसेल. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. एकदा त्यांनी कसल्यातरी कागदावर अंगठा उठवला. त्यात लिहिलं होतं की मी राजीखुशीनं काम सोडतो. दुसऱ्या दिवशी वखारीचं दार बंद. आई आणि आम्ही दोघं लहान पोरं.

मी पहिला रिपोर्ट लिहिला तेव्हा आप्पांनी मला समोर बसवून तो वाचून घेतला. मग म्हणाले, "मला वाचाय येत न्हवतं, म्हणून अंगठा उठवला. तुला वाचाय येतंय. तुझ्या सहीला सबब न्हाय बघ." तेव्हापासून दर रविवारी निपाणीला गेले की आठवड्यातला एक रिपोर्ट त्यांना वाचून दाखवायचे. त्यांना गाडीतलं काही कळायचं नाही, पण खाली माझं नाव आलं की मान डोलवायचे.

सदलग्याचा रिपोर्ट मी त्यांना वाचून दाखवला नाही. त्यांनी विचारलं होतं, "त्या मास्तरच्या गाडीचं काय झालं गं?" मी म्हटलं, "किरकोळ होतं, आप्पा." आप्पा ते खरं मानूनच गेले, आणि मला ते आयुष्यभर पुरणार आहे. आण्णा चारचौघांत सांगतो की उपासनाच्या सहीखाली खोटं सापडायचं नाही. तो सांगतो तेव्हा मी दुसरीकडे बघते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? घे. सहा महिने आण्णाची गाडी चालव, फाटक ठोक, टाकी ठोक, मग शोधू. मी स्वतः बरोबर येईन, प्रत्येक दाराचं रबर ओढून बघेन. ही गाडी मात्र घ्यायची नाही आणि हिच्यात परत बसायचंही नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नको, तो मी गमावला आहे. कॅम्पात जाऊन डाव्या दाराचं रबर ओढून बघ. पिवळी रेघ दिसेल, तारखेसकट. मग पाणी कुठवर होतं ते तुझं तूच ठरव.

उद्या सोमवारी मी विमा कंपनीत हेच लिहून देणार आहे. एक प्रत कॅम्पातल्या साहेबांना देईन, म्हणजे तू सोडलीस म्हणून दुसऱ्या कुणाच्या पोरानं ती उचलायला नको. माझा परवाना राहील की जाईल माहीत नाही. बहुतेक जाईल. त्याची काळजी तू करू नको आणि त्यासाठी गाडीचा राग माझ्यावर कमीही करू नको. तू फार मनापासून ती निवडली होतीस हे मला कळतं.

तुला आण्णाला दाखवायला लिहून हवं होतं, ते हे. त्याच्या हातात नुसतं देऊ नको. समोर बसून मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नको, टाकीचंसुद्धा; आणि विशेषतः आप्पांचं. तो उठून जायला लागला तरी वाचत राहा.

सही करण्याआधी हे पत्र मी तुझ्या आज्जीला वाचून दाखवलं. टीव्ही बंद करायला लावला. हरिभाऊंपाशी तिनं डोळ्यांना पदर लावला, मला वाटलं आता म्हणेल, जाऊ दे, फाडून टाक कागद. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सहा वर्सं लावलीस व्हय गं? कर आता सही."

उपासना भीमाप्पा कांबळे
मोटार विमा सर्वेक्षक, बेळगाव

ऐकणार: तानुबाई भीमाप्पा कांबळे
(हे तिनं स्वतः लिहिलं आहे, अक्षराला हसू नको.)