घाटघरच्या मावशीला तू सांगितलेलं माझं नाव

प्रिय विलास,

'इल्या' लिहायला गेलो आणि हात थांबला, म्हणून पूर्ण नाव लिहिलं. रागावलो की मी तुला पूर्ण नावानं हाक मारायचो, हे तुला माहीत आहे.

परवा वनितावहिनी दुकानावर आल्या होत्या. तुला जाऊन वर्ष होत आलं. राजुरीत कीर्तन ठेवलंय, त्याआधी तुमच्या किल्ल्यांच्या फिरण्यावर दोन शब्द तुम्हीच बोला, म्हणाल्या. मी घसा बसल्याचं कारण सांगितलं. चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, तरी त्यांनी ऐकून घेतलं. त्या गेल्यावर मला माझीच लाज वाटली. तिथं जे बोलता येणार नाही ते तुलाच लिहावं, म्हणून बसलोय.

चौदा वर्षं, विलास. तू विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन नारायणगावात माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात आलास, ते ब्याण्णव साल असेल. भिंतीवर मी लेण्याद्रीचा फोटो लावला होता. तू विचारलंस, तुमी काढला का? मी हो म्हणालो. मोटार दुरुस्त व्हायच्या आतच पुढच्या रविवारी हडसरला जायचं ठरलं होतं. तुझ्या एम-एटीवर दोघं, पाठीवर भाकरीचं गाठोडं. दगडात कोरलेल्या त्या दरवाजात तू असा उभा राहिलास, जसा काही तुझ्या मळ्यातल्या घराचाच दरवाजा.

मग रविवार आपलेच झाले. चावंड, निमगिरी, जीवधन, नाणेघाट. आंबेगावच्या अंगाला आहुप्याच्या कड्यावर तर किती वेळा गेलो. खाली कोकण धुक्यात बुडालेलं असायचं आणि तू पोटावर झोपून कड्याबाहेर डोकं काढायचास. मी तुझे पाय धरून बसायचो. तुला कधी भीती वाटली नाही का, की हा सोडून देईल?

किल्ले तुझे आणि लेणी माझी, अशी आपली वाटणी होती. किल्ल्यावर तू बोलायचास, लेण्यात मी. तुळजा लेण्यात मी तुला सांगितलं होतं, दोन हजार वर्षांपूर्वी साध्या साध्या माणसांनी इकडच्या लेण्यांना दानं दिली, कोणी टाकं खोदून दिलं, कोणी एखादी खोली, आणि आपलं नाव, बापाचं नाव दगडात कोरून ठेवलं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हे मला सांगितलं होतं. अण्णांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांना नुकतंच मिसरूड फुटलं होतं. तेव्हापासून कोणी विचारलं तर नाव, गाव, आपण कोण, हे ते न अडखळता सांगायचे. मी हे सांगत होतो तेव्हा तू खांबाला टेकून ऐकत होतास. एकदा मान हलवलीस. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं, विलास? कारण तोवर तू ते करून बसला होतास.

तू गेलास ते असं अचानक की मला रडायलाही सुचलं नाही. कांद्याला पाणी देताना छातीत कळ आली आणि आळेफाट्याला नेईपर्यंत संपलं. दशक्रियेनंतर मला वाटलं, घाटघरच्या ठकूमावशीला कोण सांगणार? तिच्याकडे फोन नाही. जीवधनला गेलो की तिच्या ओट्यावर चहा आणि उतरताना नाचणीची भाकरी, हे ठरलेलं. तिनं पुढच्या मोसमात तुझी वाट बघत बसू नये, म्हणून एकटाच गाडी काढून निघालो.

मावशी अंगणात हिरडा वाळत घालत होती. मला बघून उठली.

"या हाडवळे. एकलेच? भाऊ कुठं राहिला?"

मला वाटलं, म्हातारीचा गोंधळ झाला. हाडवळे तू, मी नाही. मी बसलो आणि तू गेल्याचं सांगितलं. ती मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावून खूप रडली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सख्खा नसला तरी चुलतभाऊ म्हंजे भाऊच की. तुमच्या घरात आता तुमीच कर्ते."

मी म्हणालो, मावशी, मी त्याचा चुलतभाऊ नाही.

ती म्हणाली, त्यांनीच सांगितलं व्हतं की. पयल्याच खेपंला.

मग तिनं सगळं सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्र्याण्णव साली आपण पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिचा सासरा जिवंत होता. मी हंडा घेऊन झऱ्यावर गेलो होतो. सासऱ्यानं तुला विचारलं, हे दुसरं कोण, कोणतं लोक? तू लगेच म्हणालास, माझा चुलतभाऊ, सुधीर हाडवळे, राजुरीचा. सासरा लई कडक, म्हणाली, पाहुणा कोण हे समजल्याबिगर ओट्यावर घ्यायचा नाही. मी पाणी घेऊन आलो तेव्हा तू हसत बसला होतास आणि ओट्यावर माझ्यासाठी घोंगडी अंथरलेली होती. त्या घोंगडीचं मला किती कौतुक वाटलं होतं! परतताना गाडीवर मी तुला म्हणालो होतो, ही डोंगरातली माणसं बघ, काही विचारलंदेखील नाही. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू गेलं नाही.

ते समजल्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली. तू नेहमी पुढं का व्हायचास, "मी चहा सांगून ठेवतो, तू ये निवांत" असं का म्हणायचास. कोणी गाव-आडनाव विचारलं की माझ्याआधी तूच का बोलायचास. मला वाटायचं, इल्या बोलका आहे.

परत येताना चावंडवाडीत थांबलो. तिथं मी तुझा मामेभाऊ निघालो, ओतूरचा. पुढच्या रविवारी मुद्दाम आहुप्याला गेलो. तिथं मेव्हणा. तुला एक खोटं तरी सगळीकडे सारखं ठेवता आलं नाही का रे? आहुप्याहून येताना घाटात गाडी उभी केली आणि हसलो. एकटाच हसत होतो, मग हसू थांबलं.

सगळ्यात जास्त डाचतं ते हे की तू भित्रा नव्हतास. तुझ्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीला बसलो तेव्हा तुझे चुलते कुजबुजले. तू वाढप्याच्या हातातली बादली खाली ठेवलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, तात्या, हा इथंच बसणार, तुमाला उठायचं तर उठा. चुलते वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत. आमच्या वारूळवाडीच्या घरात तू थेट चुलीपाशी जाऊन बसायचास. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्याआधी तू नाचायचास. जिथं तुझं नुकसान होतं तिथं तू माझ्यासाठी उभा राहिलास. मग जिथं तुला कोणी ओळखतही नव्हतं, तिथं मला का लपवलंस?

मी यावर वर्षभर विचार केलाय. मला वाटतं, तुला रविवारी भांडण नको होतं. आठवडाभर घरात, भावकीत झगडून तू डोंगरात यायचास, तिथं तुला नुसतं चालायचं होतं. आणि एकदा तोंडातून गेल्यावर ते मागं कसं घ्यायचं हे तुला समजलं नसेल. हे मी समजू शकतो. पण मला का नाही सांगितलंस? सासरा सत्त्याण्णवला वारला. त्यानंतर नऊ वर्षं आपण त्या ओट्यावर बसत होतो. जीवधनच्या कातळटप्प्यावर माझा पाय सुटला तेव्हा तू मनगट धरून मला वर ओढलंस. दोघं धापा टाकत तिथंच बसलो होतो. तेव्हाही नाही.

मला विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो? नको, म्हणालो असतो. ओट्याखाली बसीन, झाडाखाली बसीन, नाहीतर त्या घरीच जाणार नाही. तू ते मला ठरवू दिलं नाहीस. मावशीलाही नाही.

त्या दिवशी मी मावशीला सांगितलं. तुझं राहिलेलं काम मी केलं. म्हणालो, "मावशी, मी रोकडे. वारूळवाडीचा. आमी बौद्ध."

हिरड्यावरून फिरणारा तिचा हात थांबला. मला वाटलं, आता उठून आत जाईल. मीही चपला शोधायला लागलो.

"नाव तरी सुधीरच ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, तेवढं खरं आहे.

"बसा," ती म्हणाली. "सासऱ्यानं तुमाला खालीच बसवलं असतं. मी तवा काय केलं असतं, माझं मलाच ठावं न्हाई. खोटं कशाला बोलू? पर आमाला इचारून तरी बघायचं व्हतं त्यांनी. आमी आदिवासी. आमाला काय कुणी खाली बसवलं न्हाई व्हय?"

तिनं चहा टाकला. आम्ही दोघं तुझ्यावर रागावून बसलो होतो आणि दोघंही तुझ्यासाठी रडत होतो. निघताना ती म्हणाली, येत जावा, रोकडे. तेरा वर्षांत त्या घरात माझं आडनाव पहिल्यांदा ऐकलं. चांगलं वाटलं आणि लगेच तुझा राग आला, की हे ऐकायला तू गेल्यावर यावं लागलं.

वहिनींना मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुझ्याशी भांडायचंय ते तुझ्याशीच. पण तू असा गेलास की भांडणाची माझी बाजूच उरली. तू दोन शिव्या दिल्या असत्यास, मी दोन दिल्या असत्या, मग दोघांनी गाडीला किक मारली असती. तेवढा हक्क होता माझा.

दिवाळीनंतर प्रज्ञाला घेऊन ढाकोबाला जाणार आहे. माझी पोरगी आता बारावीला आहे, तुझ्यापेक्षा भरभर चढते. वाटेतल्या वाडीत कोणी विचारलंच, कोण, कुठले, तर आम्ही सांगू. ओट्यावर बसायला मिळालं तर बसू, नाही तर पुढं चालू लागू. आणि कोणी विचारलं की ह्या वाटा तुमाला कुणी दाखवल्या, तर विलास हाडवळे, राजुरीचा, माझा मित्र, असं पूर्ण सांगेन. एवढं वचन देतो. माझ्या तोंडी तुझं नाव कधी दुसरं होणार नाही.

तुझा चुलतभाऊ, मामेभाऊ, मेव्हणा यातला कोणीही नसलेला,
सुधीर रोकडे
वारूळवाडी