कुंताबाई जास्तीची नाही

प्रति,
मा. देखरेख अधिकारी साहेब,
निवासी संस्था देखरेख कक्ष,
भंडारा.

अर्जदार: अतुल परसराम शहारे, मु. कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा.

विषय: करुणाधार निवासी विशेष शाळेतल्या काळजीवाहक कुंताबाईले जास्तीची समजून तुमसरकडं पाठवलं, तो आदेश आजच्या आज मांगं घेन्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर आत्ताच झालेलं भांडन.

महोदय,

“तू तं काळजीवाहक आहेस न बे. ड्युटी सोडून इथं कायले हिंडून राहिला?” असं आपले बाबू वासुदेवराव खिडकीतून अर्जदारले म्हनाले, अन् कम्प्यूटर फिरवून फोटो दाखवला. फोटोत अर्जदार होता. शाळेच्या व्हरांड्यात, खाकी सदऱ्यात, बाकीच्याईसंग लायनीत उभा. खाली नाव बी बरोबर. अर्जदार म्हने मी कोनाचा नोकर नाही, मी तिथं राहनाऱ्या धम्मदीपचा भाऊ. वासुदेवराव म्हने रेकॉर्डले तू कामावर आहेस. अर्जदारचा आवाज चढला, तवा त्याईनं खिडकीची अर्धी काच सरकवली अन् सांगतलं का तोंडी काही चालत नाही, अर्ज दे; अन् अर्जात मी-मी लिहू नको, अर्जदार लिही. शिकला असता तं हे समजलं असतं, हे बी वरून ऐकवलं. अर्जदारनं नववीतून शाळा सोडली, हे खरं आहे. पन लायनीत उभा मानूस नोकर आहे का कोनाचा भाऊ, हे ओळखाले नववी लागत नाही. आपन तं साहेब भलते शिकलेले आहा. म्हनून सुरवातीपासून सांगतो.

१. धम्मदीप अर्जदारचा मोठा भाऊ. त्याले बोलता येत नाही, मधात मधात झटके येतात. बाप वरठीले कामाले जाते, माय मालनबाई लोकाच्या बांधीत धानाच्या रोवन्याले जाते, घरी दिवसभर त्याच्यापाशी कोनी राहात नाही. म्हनून शाळेत ठेवला. शाळेत काळजीवाहकाच्या चार जागा आहेत. भरलेली एक, कुंताबाई. बाकीच्यातला एक जन रिटायर झाला, एक बदली करून गेली, अन् एक ऑर्डर घेऊन जो गेला तो शाळा पाहाले बी आला नाही. स्वयंपाकीन नाही. मंग पोट्ट्याईले उठवनं, हागलं-मुतलं धुनं, भात शिजवनं, भरवनं, रात्री कोन उठून तलावाकडं तं चालला नाही हे पाहनं, सारं कुंताबाईच. धम्मदीप तिच्याच हातानं खाते. ती भाचीच्या लग्नाले गेली होती, तवा चंद्रकुमार सर, म्हनजे शाळेचे अधीक्षक, घास घेऊन त्याच्यापुढं बसले. यानं दात आवळले ते आवळलेच. शेवटी पवनीच्या दवाखान्यात सलाईन लावली. कुंताबाई लग्नाच्या लुगड्यातच तिथं आली, अन् खाटेवर बसून तिनं त्याले पेज पाजली. तिच्या कपायावर तवा अक्षता चिकटून होत्या.

२. तिनं काही मागतलंच नाही असं नाही. तिनं आपल्याले एक मानूस मागतला. आपन तिले शाल देल्ली. नारळ बी देल्ला, तो पोट्ट्याईनं खाल्ला. दुसऱ्या खेपी तिनं गुडघे दुखतात म्हनून सुट्टी मागतली, तं आपन भंडाऱ्याले ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं. तिथं पांढऱ्या झब्ब्यातल्या कोन्या सरानं सांगतलं का डोळे मिटा, मोठा श्वास घ्या, अन् आपल्या आवडत्या ठिकानी बसलो आहो असं समजा. हे तिले मांगून समजलं, कारन ती गेलीच नाही. कशी जाईन? तिच्या जागी बसाले कोनी असतं तं तिले शिबिराची गरज काय होती? तिच्या वाट्याचा नाश्ता बाकी कोनीतरी खाल्ला असन. अर्जदारले त्याचं दुःख नाही. हे असं डोकं चालवाले पगार भेटते, याचं नवल वाटते.

३. आता तपासनीचं. आपन येनार हे चंद्रकुमार सराले आदल्या दिवशीच समजलं. समजनारच. साहेबाले कोंबडी चालत नाही, हे सांगाले आपल्याच कार्यालयातून फोन गेला होता. आमच्याकडं रोवन्याले मानूस कमी पडला तं दुसऱ्याच्या घरचा आनतात, अन् मंग त्याच्या बांधीत जाऊन तेवढं काम फेडतात. सरानं हेच रोवन्याचं डोकं शाळेत चालवलं. गावातून उसने मानसं आनले. कोनाले दाखल्यावर सही पाहिजे होती, कोनाले पोट्टीचं नाव आश्रमशाळेत टाकाचं होतं; सरानं ते करून फेडाचं ठरलं. गोमाजी तलावावरून मासोळ्या घेऊन चालला होता, त्याले वाचा-उपचार तज्ज्ञ केलं. गोमाजी अख्ख्या गावात कोनाशी बोलत नाही. मुलांची प्रगती कशी आहे, असं आपन त्याले विचारलं, त्यानं मान डोलावली. आपन म्हनले, मितभाषी आहेत, पण अनुभवी वाटतात. आपन नाकाले रुमाल लावला होता, साहेब. शाळेत मासोळीचा वास कुठून आला, हे विचारासाठी तो काढला नाही.

अर्जदार त्या दिवशी भावाले मुरमुरे द्याले आला होता. सर म्हने पालकाईचा फोटो काढाचा आहे, हा सदरा घाल अन् तिकडं उभा राय. अर्जदार उभा झाला. मंग आपन आले, अन् विचारलं का किती वर्षं झाली सेवेला. तवा अर्जदारच्या ध्यानात आलं का हे काय चालू आहे. त्यानं तिथंच, साऱ्याईसमोर, सांगतलं का साहेब मी इथं नोकरीले नाही, हे सारे उसने आहेत. आपन हासले. स्टाफमध्ये विनोदबुद्धी आहे, हे फार चांगलं लक्षण आहे म्हनाले, अन् अर्जदारच्या पाठीवर थाप मारली. नाव विचारून घेतलं. त्या थापेची जागा अजून जळते.

तेवढ्यात कुंताबाई मोरीतून आली. धम्मदीपनं चड्डी भरवली होती, ती धूत होती. हात ओले, लुगडं खोसलेलं. काळजीवाहकाच्या चार जागा तोवर चार उसन्याईनं भरून गेल्या होत्या. आपन विचारलं ही कोण. चंद्रकुमार सरानं लायनीकडं पाहिलं, कुंताबाईकडं पाहिलं, अन् त्याईच्या तोंडून निंगालं, “ही अशीच, जास्तीची.” आता तिले खरी म्हनाव तं लायनीतला एक खोटा निंगते. तिनं ते ऐकलं. आपल्यापाशी आली, हात जोडले, अन् एक मानूस द्या म्हनाली.

“चार माणसं उभी आहेत बाई. अजून किती हवीत?” हे आपले शब्द आहेत. अर्जदारले ते पाठ आहेत.

आपन गेल्यावर कुंताबाई चंद्रकुमार सरावर तुटून पडली. सर म्हने, “तुमी तं घरच्याच, तुमाले लायनीत कायले उभं करू?” घरच्याले असंच वागवतात, हे काही खोटं नाही.

४. मंग आदेश आला. करुणाधार शाळेत काळजीवाहक जास्त आहे, तुमसरकडच्या संस्थेत एक बी नाही, म्हनून जास्तीची तिकडं पाठवा. एका खड्ड्यातली माती काढून दुसऱ्या खड्ड्यात टाकली, अन् आपन समजून राहिले का एक खड्डा बुजला. आज सकाळी ती एसटीनं गेली. धम्मदीपनं तिचा पदर मुठीत धरला होता. अर्जदारनं त्याचं एकएक बोट सोडवलं. ती म्हनाली, “बाबू, आधी पानी पाजजो, मंग घास देजो. घाई करशील तं थुकन.” अर्जदारनं आधी पानी पाजून पाहिलं, सारं सांडलं. मंग घास देल्ला, तं त्यानं भिंतीकडं तोंड केलं. अर्जदारनं त्याच्यावर आवाज बी चढवला. काही फायदा झाला नाही. मंग जी पयली गाडी भेटली तिनं अर्जदार इथं आला, तं इथं हे, का तू ड्युटीवर पाहिजे होता.

५. म्हनून मागनं असं आहे. एक, कुंताबाईले आजच परत पाठवा. तुमसरले दुसरा मानूस द्या, तिथले पोट्टे बी कोनाचे भाऊच आहेत. दोन, ते जमत नसन तं फोटोतले चार काळजीवाहक हजर करा. त्यातला एक इथं बाकड्यावर बसला आहे, उरलेले आपन शोधा. तीन, गोमाजीले वाचा-उपचार तज्ज्ञाचा हुद्दा देल्ला आहे तं त्याले ऑर्डर बी द्या. तवा तं तो बोलन. चार, यातलं काहीच होत नसन तं साहेबानं स्वतः एक वेळ येऊन धम्मदीपले भरवाव. डोळे मिटून मोठा श्वास घ्याव, अन् आपन आवडत्या ठिकानी बसलो आहो असं समजाव.

वासुदेवराव आतून विचारून राहिले का सोबत काय जोडलं. काही नाही जोडलं. जोडाचं होतं ते मानूस होतं, ते तुमी तुमसरले पाठवलं.

पाचवं मागनं

हे पुरं लिहिता आलं नाही. चंद्रकुमार सराचा फोन आला. धम्मदीपले झटका आला होता, आता थांबला, पन सकाळपासून पोटात पान्याचा थेंब नाही अन् दात सोडत नाही. अर्जदारनं फोन खिडकीशी नेऊन धरला, वासुदेवरावले ऐकू यावं म्हनून. त्याईनं साफ ऐकलं. “अतुल, लवकर ये बापू,” सर म्हनून राहिले होते, “इथं कोनीच नाही.”

वासुदेवरावनं उरलेली काच बी लावली.

गाडी लागली आहे. अर्जदारले आता निंगा लागते.

आपल्या दारातून उठून चाललेला,
अतुल परसराम शहारे

दिनांक: कुंताबाई गेली तोच दिवस