अंगठ्याची साक्ष

अणदूर,
१६ एप्रिल २०२४

चि. राजेश्वरीस आप्पाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझं बोलणं मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनानंच रचतो, म्हणून हे पत्र. हैदराबादेत ऊन कसं आहे? तुझ्या प्रयोगशाळेत गारवा असतो, असं तुझी आई सगळ्या गल्लीला सांगत असते.

तुझ्या धाकट्या भावाचं लिहायला हात धजत नाही. महिन्याभरात दोनदा सोमेशच्या पायाचा अंगठा झोपेतच सुजला. लालबुंद होतो, चादर लागली तरी कळवळतो. गावात बोलवा झाली की हे दारूचं दुखणं. मी त्याला रविवारी निर्जळी उपास धरायला लावला आणि खंडोबासमोर उभं केलं. दारूला कधी शिवलो नाही, असं त्यानं भंडारा उचलून सांगितलं. सोमवारी पहाटे अंगठा पुन्हा सुजला! देवानंच उत्तर दिलं म्हणायचं. खोटा भंडारा उचलणारा माझ्या घरात नको, असं मी म्हणालो. तो लंगडत तुळजापूरला गेला आणि मित्राच्या दुकानात राहतोय. तुझी आई माझ्याशी बोलत नाही.

दुपारी ओसरीवर डोळा लागतो, तेव्हा ज्वारीतून कुणीतरी पाय ओढत येताना दिसतं. तोंड दिसत नाही. जाग आली की उगीच उठून दाराशी जातो.

आईसाठी तरी दोन ओळी लिही.

आप्पा

हैदराबाद,
२३ एप्रिल २०२४

ती. आप्पांना राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुमचा राग आला, मग तुमची फार आठवण आली.

आप्पा, हा गाऊट असणार. युरिक अ‍ॅसिड प्रत्येकाच्या अंगात तयार होतं, मूत्रपिंडं ते लघवीतून बाहेर टाकतात. काही घराण्यांच्या जनुकांत बारीक बारीक फरक असतात, एक नाही, कितीतरी. त्यामुळं ते पुरतं बाहेर पडत नाही. साठतं आणि सांध्यात त्याचे सुईसारखे कण बसतात. दारूनं ते वाढतं, हे खरं. पण उपाशी, तहानलेलं राहिलं तरी भडकतं. तेव्हा तो अंगठा देवानं सुजवला नाही. बहुधा तुमच्या निर्जळी उपासानं सुजवला!

जनुकांचं काम करता करता मला कधी कधी भासतं, की आपल्या आधीची माणसं रक्तातून सावकाश चालत येतायत. नावं कुणाचीच ठाऊक नाहीत. कुणी कुरळे केस घेऊन आलंय, कुणी हा अंगठा.

सोमेश पितो की नाही, हे मात्र जनुकं सांगत नाहीत. त्याबद्दल फक्त त्याचा शब्दच आहे. तुम्ही अंगठ्याची साक्ष तेवढी काढून टाका. आणि हट्ट न करता स्वतःचं रक्त तपासून घ्या. त्याला चांगल्या डॉक्टरकडं न्या, औषधं आहेत.

रागवा, पण लेकीवरची माया कमी करू नका.

आपली राजेश्वरी

अणदूर,
४ मे २०२४

चि. राजेश्वरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

रक्त दिलं. युरिक अ‍ॅसिड खूप निघालं, पुढं तपासलेल्या सोमेशपेक्षाही जास्त, आणि माझा अंगठा जन्मात दुखला नाही. डॉक्टर म्हणाले, असंही असतं. दारूचा वासही न घेतलेला मी. तो भंडारा मी उचलला असता आणि सकाळी अंगठा सुजला असता, तर मला कुणी खरं मानलं असतं?

रिपोर्ट आला त्या दुपारी ओसरीवर डोळा लागला आणि ज्वारीतलं ते कुणीतरी जवळ आलं. माझी आई होती. उतारवयात ती तशीच चालायची. तिच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय, असं आम्ही म्हणायचो.

डोळे पुसले आणि मिळेल त्या एसटीनं तुळजापूर गाठलं. दुकानाच्या मागं सोमेश पोत्यावर पाय टेकवून बसला होता. पाया पडायला उठू लागला, त्याला उठवेना. मीच खाली बसलो आणि त्याची टाच अलगद मांडीवर घेतली. तो दचकला. म्हणाला, आप्पा, पाप लागंल, सोडा. मी म्हणालो, लागू दे, हा पाय मीच तुला दिलाय.

आता घरी आहे. औषध सुरू आहे, तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागं असते.

दारूचं मी काहीच विचारलं नव्हतं. येताना गाडीत तोच खिडकीकडं तोंड करून म्हणाला, म्या भंडारा उचलला तवा तुमी देवाकडं बघत होता, आप्पा. माझ्याकडं न्हाय.

असाच जीव लावत राहा.

तुझा आप्पा