आत्याची काही तक्रार नाही

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आत्याला शुश्रूषागृहात सोडून आलो. ‘सोडून’ लिहिताना हात अडखळला, म्हणून तू ‘दाखल करून’ असं वाच. खुब्याचं हाड जुळलंय, पण डॉक्टर म्हणतात की तिला उठवायला-बसवायला अजून काही महिने दोन माणसं लागतील. माझी खोली चौथ्या मजल्यावर. आणि गावाच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर तू मागच्या पत्रात हसून घेतलंसच. तुझ्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुसरा मार्ग नव्हता, असं मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज ते अर्धंच पटतं.

आईवडिलांच्या मागे जिनं आपल्याला वाढवलं तिच्यासाठी जागा बघायची, म्हणून कुठे कसूर केली नाही. ही सगळ्यांत चांगली. फरशी इतकी स्वच्छ की चपला हातात घेऊन चालावंसं वाटलं. एकही नळ गळत नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत, त्यांना लोंबकळून पाहिलं. आग विझवायच्या नळकांड्यांची मुदत तपासली. लिफ्ट तर आतून कालच बसवल्यासारखी आहे. कुठे वास नाही, गडबड नाही, भांडण नाही. टेकडीखालीही एक जागा पाहिली होती. तिथे भिंतींचे पोपडे निघालेले, आणि एक म्हातारी चहा कोमट आहे म्हणून तिथल्या मावशीला सगळ्यांसमोर फाडून खात होती. मी दारातूनच मागे फिरलो.

आत्यानं खोली पाहिली, उशी दाबून पाहिली, आणि काही बोलली नाही. थकली असावी. फोनवर तिला ऐकू येत नाही आणि मला मनातलं बोलता येत नाही, म्हणून पत्रंच लिहायची ठरवलंय. पाकिटं तिच्या उशाशी ठेवली आहेत.

काही चुकलं असेल तर खुशाल रागाव, पण माया आहे तेवढी राहू दे.

तुझा भाऊ

ता. १४ फेब्रुवारी

चि. शंक्यास,
अनेक आशीर्वाद.

‘शुश्रूषागृह’ हा शब्द एकही चूक न करता लिहिलास! आठवीत शाळा सुटली नसती तर तू आज मास्तरांच्याच चुका काढल्या असत्यास. न्हाणीघरातल्या दांडीला लोंबकळलास हे सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. तिथल्या लोकांना वाटलं असेल की आत्याच्या नावाखाली हाच राहायला येतोय.

आता नीट झोप काढ. आत्याचं मलाही पत्र आलंय, ते सोबत पाठवते. जन्मात पहिल्यांदा या बाईला काहीतरी आवडलंय, हा सगळा तुझ्या शोधाशोधीचा पराक्रम! माझ्या लग्नात नवऱ्यामुलाकडे बघून काय म्हणाली होती आठवतं ना? मुलगा बरा आहे, पण कान जरा मागे बसलेत म्हणाली. आणि माझ्या बाळाला पाहून म्हणाली की असू दे, वाढेल तसा सुधारेल. त्याच तोंडून हे असं कौतुक! मी पत्र दोनदा वाचलं आणि सुस्कारा टाकला.

जेवत जा. तुझ्या काळजीची मला काळजी आहे, हे विसरू नकोस.

तुझी ताई

(सोबतचं पत्र)

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मी येथे सुखरूप आहे. जागा छान आहे. जेवण छान असते. येथील मंडळी छान वागतात. माझी काही तक्रार नाही. शंक्याला उगाच धावपळ करू नकोस म्हणून सांग.

तुझी आत्या

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुस्कारा टाकलास, माझी मात्र झोप उडाली. ताई, अक्षर तिचं आहे, पण पत्र तिचं नाही. इतके ‘छान’ तिनं आपल्याला लहानाचं मोठं करेपर्यंतसुद्धा खर्च केले नव्हते. पहिल्या पगारात मी तिला शाल आणली होती. ती उलटी करून, शिवण उसवतेय का बघून तिनं सांगितलं की दुकानदारानं तुला बनवलं. आणि मग ती शाल कुणाला हातसुद्धा लावू दिली नाही. ज्या बाईची माया अशी उलट्या बाजूनं दिसते, ती सरळ ‘छान’ लिहिते म्हणजे काहीतरी बिघडलंय.

आधी वाटलं, माझीच खोड आहे ही. तरी मंगळवारी सकाळी, भेटीची वेळ नसताना, कामावर जाता जाता गेलो. खांद्यावर हत्यारांची पिशवी बघून पहारेकऱ्यानं आत सोडलं. लिफ्टमध्ये शिरलो आणि दाराच्या कडा, बटणं निरखून बघितली. दवाखान्यांच्या लिफ्टमध्ये मी रोज असतो. जिथे माणसांना चाकाच्या खुर्चीतून खालीवर नेतात तिथे दाराच्या कडा खरचटलेल्या असतात, तळमजल्याच्या बटणावरचा आकडा बोटांनी पुसट झालेला असतो. इथे एक ओरखडा नाही. ताई, त्या लिफ्टनं कुणाला खाली आणतच नाहीत. समोर एवढी बाग आहे, तिच्यात एक म्हातारं माणूस मी दोन्ही वेळा पाहिलं नाही. आणि लिफ्ट नवी दिसते म्हणून मी तुला कौतुकानं लिहून मोकळा झालो.

आत्या पलंगावर होती. स्वच्छ चादर, विंचरलेले केस. पाण्याचा जग खिडकीत, तिचा हात पोचणार नाही असा. बोलवायच्या घंटीची दोरी वर खिळ्याला गुंडाळून टाकलेली. कशी आहेस म्हणून विचारलं, तर दाराकडे बघून म्हणाली की छान. दारात तिथली मावशी उभी होती. शेजारच्या पलंगावरच्या आजींना मी काही विचारलंही नव्हतं, तरी त्यासुद्धा दाराकडे बघून छान म्हणाल्या. जग तिच्या हातात दिला तर तिनं घटाघटा निम्मा संपवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली की बूट पुसून यायचं होतंस. तेवढं एकच वाक्य तिचं स्वतःचं होतं.

मावशी वाईट बाई नाही. सगळ्या मजल्याला ती एकटीच, आणि तिचेही पाय सुजलेले. मी दोरी सोडायला लागलो तशी हळूच म्हणाली की दादा, सगळ्या एकदम ओढतात, मी कुठे कुठे पळू? खाली येऊन व्यवस्थापिकाबाईंना पाण्याचं, दोरीचं सगळं सांगितलं. त्या हसून म्हणाल्या की आमच्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही. त्या अभिमानानं सांगत होत्या आणि मला खिळ्याला गुंडाळलेली दोरी दिसत होती.

परत येताना टेकडीखालच्या जागेवरून गेलो. या वेळी दारातून फिरलो नाही, आत जाऊन बसलो. चहाची तीच म्हातारी तशीच भांडत होती. मावशी तिला म्हणत होती की काल चटका बसला म्हणून ओरडलात, आज कोमट म्हणून ओरडताय, आजी, एकदा काय ते ठरवा. असं म्हणत ती चहा पुन्हा गरम करायला घेऊनही गेली. त्या दिवशी मी पुढचं न बघताच पळालो होतो. आपल्या घरात यापेक्षा मोठा आवाज असायचा, आणि आपण तिथे सुखात वाढलो.

तिकडे भिंती वाईट आहेत, लिफ्टही नाही, पण सगळ्या खोल्या तळमजल्यावर आहेत आणि एक पलंग रिकामा होतोय. आत्याला हलवू का? एकदा चुकलो आहे, म्हणून तुझ्या शब्दावाचून पाऊल टाकत नाही. माझा भरवसा उडाला असेल तर तसंही लिही.

तुझा भाऊ

ता. २ मार्च

चि. शंक्यास,
अनेक आशीर्वाद.

हलव. हे पत्र मिळायची वाटसुद्धा बघू नकोस, असं लिहिणार होते. मग लक्षात आलं की पत्र मिळाल्याशिवाय तुला हे कळणार कसं! एवढी मी गडबडले आहे. ते ‘छान’ वाचून मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले होते, आणि ती बिचारी पाण्याच्या जगाकडे बघत पडली होती.

भरवसा उडायला काय झालं? दुसऱ्या कुणाला त्या पत्रात काही दिसलं असतं का? मला तरी कुठे दिसलं. फक्त या वेळी नळ तपासत बसू नकोस. तिथल्या म्हाताऱ्यांना बोलू दे आणि त्या कुणाला शिव्या देतात ते ऐक. त्या जिला देतात ती जर पाठ फिरवून न जाता उलट उत्तर देत असेल, तर आत्याचं सामान तिथे खुशाल उतरव.

सासूबाईंना नणंदेच्या हवाली करता आलं की मीही येते. तोवर माझ्या वाटणीचं तूच तिच्याजवळ बस.

तुझी ताई

ता. २६ मार्च

चि. शंक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी ही नवी जागा पाहिली. भिंतींना कावीळ झाली आहे. उशी म्हणजे दगडाची सख्खी बहीण. भाजी एक दिवस खारट, एक दिवस अळणी. मी चाकाची खुर्ची स्वयंपाकघरापर्यंत न्यायला लावली आणि स्वयंपाक्याला तोंडावर सांगून आले. तर तो म्हणतो कसा, आजी, उद्यापासून तुम्हीच चव बघून सांगा. आता रोज सकाळी मला चव बघायला नेतात. म्हणजे हाड मोडलं तरी चुलीपासून माझी सुटका नाही.

इथली मावशी तोंडाळ आहे. परवा मी लागोपाठ घंटी वाजवली तर येऊन विचारते की आजी, ही घंटी माहेराहून आणलीत का? मी म्हटलं, माहेरची असती तर आवाज बरा असता. मग दोघी हसत बसलो आणि जिच्यासाठी बोलावलं होतं ती चादर बदलायची राहूनच गेली. असा इथला कारभार! रोज कंबरेला पट्टा बांधून चालवतात. मी ओरडते. ते म्हणतात ओरडा, पण पाऊल टाका. काल खिडकीपर्यंत गेले. खिडकीतून बघण्यासारखं काही नाही.

तिथे असताना मला का सांगितलं नाहीस, असं तू विचारलंस. थोडी भीती होती, खोटं कशाला बोलू. तक्रार केली की पाणी उशिरा येतं, हे तिथे कुणी न शिकवता कळतं. पण ते अर्धंच कारण. दाखल करायच्या दिवशी तू मला नळ सोडून दाखवलेस, लिफ्टचं दार उघडून-मिटून दाखवलंस, दांडीला लोंबकळून दाखवलंस. लहानपणी चित्र काढून आणायचास आणि मी बघेपर्यंत श्वास धरून उभा राहायचास, अगदी तसा उभा होतास. तेव्हा मी चित्राला नावं ठेवायचे, कारण दुसरं काढायला तू माझ्याजवळच बसायचास. या वेळी तू निघून जाणार होतास. निघालेल्या पोराच्या पाठीवर ते ओझं कसं ठेवू? म्हणून गप्प बसले. चूक केली, पुन्हा करणार नाही.

संध्याकाळी आम्हाला बागेत नेतात. बाग म्हणजे चार कुंड्या आणि एक आळशी मांजर. माझ्या शेजारची खुर्ची मी पिशवी ठेवून अडवून धरते. कुणासाठी म्हणून सगळे विचारतात, भाचा येणार आहे म्हणून सांगते, त्यावर रोज वाद होतो. ती चहावाली म्हातारी तर म्हणते की हिला भाचा नाहीच, नुसती खुर्ची अडवायचा बहाणा. तेव्हा रविवारी ये. काही तपासायला येऊ नकोस, त्या खुर्चीवर बसायला ये. अंधार पडेपर्यंत बस, म्हणजे त्या म्हातारीला तुला बघायला भरपूर वेळ मिळेल.

तुझी आत्या