पुसलेल्या रेघा

प्रिय माय,

जयभीम. आज दुपारच्या बसने मी गोंडपिपरीहून चंद्रपूरला निघते, आणि तिथून रेल्वेने मुंबईला, ऑपरेशनसाठी. बॅग भरून झालीय. घाईत लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. तुला वाचता कुठे येत होतं म्हणा! पण सांगायचं तर तुलाच.

माझ्याही छातीत गाठ निघाली गं. तुझ्यासारखीच, डावीकडे. चण्याएवढीच आहे, लवकर सापडली, म्हणून चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंना समाधान वाटलं. मला मात्र तूच आठवलीस.

तुला नागपूरला शेक द्यायचे, आठवतं? किरणांना आपण शेकच म्हणायचो. नेमक्या जागी पडावेत म्हणून तुझ्या छातीवर जांभळ्या शाईने रेघा आखल्या होत्या. घासू नका, पुसू नका म्हणाले होते. किती जपायचीस तू त्यांना!

आणि रविवारच्या सुटीत तुझ्या भाचीच्या लग्नाला आलीस. नवरीला लावून उरलेली हळद बायकांनी एकमेकींना फासली, आपल्याकडची रीतच ती. तुलाही धरलं. किती दिवसांनी हसत होतीस! मग गरम पाण्याने रगडून आंघोळ केलीस आणि बघतेस तर एकही रेघ नाही.

"आता कोन्या तोंडानं जाऊ मी? डॉक्टर मले बोलन ना!"

"बोलू दे. चाल ना माय, दोघी जाऊ."

"नाई वं. मले लाज वाटते."

परत गेलीच नाहीस. गाठ मात्र परत आली, आणि तुला घेऊनच गेली. अगं, पेनाचं तर काम होतं! पुन्हा आखल्या असत्या ना त्यांनी! एवढ्यासाठी काऊन राहून गेलीस, माय?

माझी गाठ काढली की जखम शिवायच्या आधीच आत नळी ठेवून तिथल्या तिथे शेक देणार आहेत. मी गुंगीत असणार. रोजच्या फेऱ्या नाहीत, रेघा नाहीत. ऐकून बरं वाटायला हवं, पण मला धडकीच भरली. उघड्या जखमेत शेक! आत काळीज भाजलं तर? मी उठलेच नाही तर?

"भाजत नाही हो, तेवढ्याच जागेला लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण काढलेल्या गाठीचा रिपोर्ट बरोबर नसला तर बाहेरूनही शेक घ्यावा लागेल. तेव्हा याल ना?"

मी नुसती मान हलवली. डॉक्टरांच्या बोलण्याची धास्ती मलाही आहे, लेक तुझीच ना मी!

ते उत्तर आता तुला देते. जाईन. रेघा आखल्या तर जपेन. आणि हळदीने, घामाने, कशानेही पुसल्या, तर तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहीन. म्हणेन, "डॉक्टर, पुसल्या. काय बोलायचं ते बोला, पन पुन्हा आखा."

तुझी भित्री लेक,
सुनंदा