एकटीचा सर्व्हर

ता. ९ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. या खेपेला वाकून नाही, खुर्चीत ताठ बसून. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. लॅबमध्ये या आठवड्यात अकरा कवळ्या झाल्या. एका आजोबांनी आपली कवळी तीनदा परत पाठवली, कारण त्यांना जुन्या दातांतली फट तश्शीच हवी होती. दिली करून. मालक हसले, पण मला आजोबांचं पटलं.

आता तुझ्या पत्राबद्दल. रविवारी टेम्पो घेऊन येतोस, सामान बांधून ठेव, कायमची आमच्याकडे चल, म्हणतोस. घटस्फोट झालेली बाई एकटी राहते आणि खुळ्यासारखी गेम खेळते, हे वहिनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. पाहिलंच. तिच्यासाठी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत एक लांडगा मारून घेतला.

खेळ तोच, आपला, इंटरनेटवर शेकडो जण एकत्र खेळायचे तो. कंपनीने तो बंद करून नऊ वर्षं झाली, पण काही हौशी लोकांनी जिवंत ठेवलाय. मी अख्खा खेळ माझ्याच कॉम्प्युटरवर बसवला. त्या जगात माणूस म्हणशील तर मी एकटी. ज्या चौकात शंभर जण ओरडून तलवारी विकायचे, तिथे आता नुसते खेळातले दुकानदार उभे असतात. पहिल्या दिवशी मी खेळ तिथेच बंद केला, खोटं कशाला बोलू.

गंमत ऐक. खेळ चालवणारा सर्व्हर माझा, त्यामुळे एक ओळ टाइप केली की हवं ते मिळतं. मी हावरटासारखी साठावी पातळी, सगळ्यात भारी चिलखत, उडता घोडा, सगळं एका दमात घेतलं. तासाभरात जांभया. मग ते पात्र, म्हणजे खेळातली मी, माझ्या हाताने पुसून टाकलं आणि लाकडी काठी घेऊन पहिल्या पातळीपासून सुरुवात केली.

पुसताना बोट अडलं होतं, दादा. का ते सांगायचं सोडून मी लांडगे आणि घोडे सांगत बसलेय.

माझं पहिलं पात्र तू पुसलंस. चार वर्षं वाढवलेलं. डिप्लोमाच्या परीक्षेला आठ दिवस होते. मी आंघोळीला गेले होते. पासवर्ड तुला ठाऊक होता, कारण मीच विश्वासाने सांगितला होता. "तुझ्या भल्यासाठी केलं," म्हणालास. मी पास झाले आणि घरात सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली. अरे, अभ्यास मी केला होता! पुढे नवराही तूच पसंत केलास, तेव्हाही भलं माझंच होतं. दोन्ही वेळा मी गप्प बसले, याचा मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

तेव्हा खेळातही मी तुम्हा मुलांच्या मागे उभी राहून तुमच्या जखमा भरायची. आता पुढे मीच. मरते पुष्कळ. काल एका गुहेत चौदा वेळा मेले; पाच जणांनी मिळून जायची गुहा आहे ती. सर्व्हरवरचे आकडे बदलून तिथल्या राक्षसाला मवाळ करता आलं असतं. नाही केलं. आज पंधराव्यांदा जाणार आहे.

तेव्हा टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांग. मी येत नाही. कवळ्या करीन, दार आतून लावीन आणि खेळीन. लोक काय म्हणतात ते तुला ऐकायचं असेल तर खुशाल ऐक, मला सवड नाही.

तू मात्र ये. आपण सख्खे आहोत, ते काही मी विसरलेले नाही. तुलाही खातं काढून देईन, पण सुरुवात पहिल्या पातळीपासून आणि आयतं काही मिळणार नाही. अजून एक. पात्र पुसायचं बटण आठवतं ना, उजव्या कोपऱ्यातलं? ते आता कुणी कितीही दाबलं तरी चालत नाही. मी बंद केलंय.

तुझीच, पण माझ्या घरातून,
टिकू