खालच्या आवाजातली भाची

१४ नोव्हेंबर, गुरुवार दुपार

प्रिय मामा,

नमस्कार. तुम्ही दोघं कार्यक्रमाहून नीट घरी पोचलात हे मामीच्या निरोपावरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. बसमध्ये तुमच्या पायाला रग लागली म्हणे. रोज कोमट पाण्यात पाय ठेवा, आणि दहा मिनिटं म्हणजे दहाच. चौथ्या मिनिटाला ‘झाली’ म्हणून पाय बाहेर काढता, हे मामी मला कळवते.

इकडे ठीक आहे. कंपनीत माझं टेबल बदललंय. आता फोन घ्यावे लागत नाहीत, खोक्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या लावून घ्यायचं काम आहे. एका परीने बरंच झालं, कटकट नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्याबद्दल काय छापलंय ते तुम्हाला ऐकायचं होतं, ते त्या दिवशी गर्दीत राहूनच गेलं. आमच्या गायनवृंदाला पंचवीस वर्षं झाली म्हणून यंदा प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं: संगीताची पार्श्वभूमी आणि आवडीनिवडी, साठ शब्दांत. आमच्यातल्या दंतवैद्यांनी नुसत्या गुरूंच्या नावांतच साठ शब्द संपवले. मी लिहिलं ते असं:

‘आठव्या वर्षापासून मामांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गाणं शिकले. परीक्षा कुठलीच दिली नाही. मुख्य चालीपेक्षा तिच्या खालून जाणारी ओळ आवडते. संथ गाणी आवडतात. हळूहळू विरत संपणारी जास्त आवडतात. शेवटचा स्वर पुरा व्हायच्या आत पडणाऱ्या टाळ्या आवडत नाहीत. माईक आवडत नाही.’

वीसेक शब्द उरले होते, ते तसेच सोडले. दुकानातलं सगळं त्यात कुठे बसणार होतं? तो सरसाचा वास, उघडी पडलेली वाद्यं, आणि गिऱ्हाईक आलं तरी तुमचं न थांबणं. माझ्या पाठीवर तळहात ठेवून म्हणायचात, “खांदे नको वर. पाठ फुगू दे.” शब्दाचं शेपूट तोडलं की पाठीवरच एक टपली. आईला वाटायचं मी तिथे अभ्यास करते.

कार्यक्रमानंतर तुम्ही माझा हात धरून सगळ्यांदेखत म्हणालात, “तिसऱ्या गाण्यात हिला लगेच ओळखलं. चाळीस जणांत.” लोक वळून बघायला लागले. मी तुम्हाला बाहेर घेऊन आले, गर्दीच इतकी होती.

रविवारी घरी येऊन आपलं ते दोन आवाजांचं गाणं म्हणायला बोलावलंय तुम्ही. येते. मामीला म्हणावं, जेवणाचा घाट घालू नको.

तुमची,
भाची

---

त्याच दिवशी

मामी,

हा दुसरा कागद तुझ्यापुरता आहे, मोठ्याने वाचू नकोस. पाकीट जाड का लागतंय असं मामांनी विचारलं तर कार्यक्रमपत्रिका आहे म्हण. ती घातलीच आहे, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही. खोटं बोलायला मी एकटी पुरे.

मामी, मी गात नाही. दीड वर्ष झालं. त्या दिवशीही गायले नाही.

गळ्यातली गाठ काढली तेव्हा ‘छोटंसं ऑपरेशन, सगळं छान झालं’ असं मी तुम्हा दोघांना कळवलं होतं. गाठ साधी होती हे खरं. पण काढताना आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट पाहू. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा. बोलणं आलं, घोगरं का होईना. गाणं नाही आलं. आवाजाचे व्यायाम घेणारी मुलगी फार गोड आहे, ती म्हणते बोलता येतंय हेच खूप समजा. समजते. कंपनीतलं टेबलही त्यामुळेच बदललं. फोनवर लोक मला ‘साहेब’ म्हणायला लागले होते.

आणि म्हणूनच मी तुम्हाला फोन करत नाही, पत्र लिहिते. मामांची नजर गेल्यापासून त्यांचे कान दुप्पट झालेत, दोन वाक्यांत ओळखतील. हॉलच्या बाहेर मी कुजबुजले तेव्हा ते म्हणाले, “गायल्यावर आवाज बसायचाच.” मी मान डोलावली. त्यांना मान दिसत नाही हेही विसरले.

तू विचारशील, मग वृंदात काय करतेस? उभी राहते. तोंड उघडते, मिटते. श्वास सगळ्यांबरोबर घेते. दर गुरुवारी सहा वाजता जाते आणि दीड तास दोन्ही बाजूंनी आवाज अंगात शिरू देते. सोडायचं दर गुरुवारी ठरवते. वृंद बसवणाऱ्या सरांना काही पत्ता नाही. उलट गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले, “यंदा खालच्या पट्टीतल्या बायका अगदी एकजीव वाटतायत. काय केलंत?” मी चप्पल शोधायला वाकले.

माझ्या डावीकडे शिवणवर्ग चालवणारी एक बाई उभी असते, तिला मात्र कळलं. ऑपरेशननंतर मी परत जायला लागले त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात तिने वही माझ्यासमोर धरल्यासारखं करून विचारलं, “तू गात नाहीयेस ना?” मी म्हटलं, “नाही गात.” ती म्हणाली, “बरं. मग मी जरा दोघींचं गाते.” त्यावर परत कधी एक शब्द नाही.

आता ऐक. मामांनी तिसऱ्या गाण्यात जिला ओळखलं ती ही बाई. सहा वर्षं माझ्याशेजारी उभी राहून तिने माझं सगळं उचललंय. ओळ संपायच्या जराशी आधी श्वास घ्यायचा, स्वरावर खालून यायचं, शब्दाचं शेपूट तोडायचं नाही. हे सगळं मामांनी माझ्या पाठीवर टपल्या मारून बसवलं होतं. म्हणजे ते चुकलेही नाहीत. दुकानातलंच ऐकलं त्यांनी, फक्त दुसरीच्या गळ्यातून. ते ऐकून मी आनंद मानायचा की रडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारचं काय करू? काल मी वेड्यासारखं तिलाच विचारलं, माझ्याबरोबर येशील का, मामांना दिसत नाही, मी उभी राहीन, तू गा. ती यायला तयार झाली. मग म्हणाली, “पण ते पाठीवर हात ठेवतात म्हणालीस ना? कोणाच्या पाठीवर ठेवतील?” आम्ही दोघी हसलो, आणि मग मला हसू थांबवता येईना.

हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल. तुला काही सुचलं तर मला दारातच सांग.

तुझी

---

२० नोव्हेंबर, बुधवार

प्रिय मामी,

काल फोनवर तू विचारलंस, आत काय झालं. मी ‘लिहिते’ म्हणून फोन ठेवून दिला, राग मानू नकोस.

रविवारी तू दार उघडलंस, माझा हात दाबलास आणि “मला काही सुचलं नाही गं” म्हणून औषधं आणायला निघून गेलीस. तुला बरोबर वाटलं ते केलंस. आम्हाला एकटं सोडायला हवंच होतं. बसमध्ये मी एक वाक्य पाठ केलं होतं: मामा, ऑपरेशननंतर माझं गाणं गेलं. एवढंच. तास-सव्वा तास तेच घोकत होते.

मामा खिडकीजवळ बसले होते, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा घातलेला. मी आत पाऊल टाकल्याबरोबर म्हणाले, “उभी राहा.” नमस्कारही करू दिला नाही. स्वतः खुर्चीचा हात धरून उठले, माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि चाल सुरू केली. आवाज किती बारीक झालाय गं त्यांचा. सुरात मात्र तस्सा.

माझी ओळ आली. मी श्वास घेतला, पाठ फुगली, खांदे वर गेले नाहीत. सगळं बरोबर केलं. आणि निघाली ती नुसती हवा, तिच्यामागून एक चिरका तुकडा, गंजलेल्या बिजागरीसारखा.

ते थांबले. पाठीवरचा हात काढला नाही.

“बसमध्ये खिडकी उघडी होती?”

“हो,” मी म्हटलं.

“तरीच. घसा धरलाय. असू दे, तू नुसता श्वास घे. मी म्हणतो.”

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं गाणं एकट्याने म्हटलं. तुला आठवत असेल, त्यात दोन ठिकाणी वरची चाल थांबते आणि खालची ओळ एकटीच पुढे जाते. पहिल्या ठिकाणी ते गप्प झाले आणि माझ्या पाठीवर बोटांनी चार मात्रा मोजल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकल उभी केली, तेवढं ऐकू आलं. पाचव्या मात्रेला ते पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या ठिकाणी आठ मात्रा. त्या आठही मात्रा मी तोंड उघडून उभी होते, सवयीने म्हण.

गाणं संपल्यावर ते खाली बसले, धाप लागली होती. म्हणाले, “श्वास अजून बरोबर घेतेस. परवा हॉलमध्ये असाच घेतलास. मी म्हटलं मामीला, ही बघ आपली.”

तेव्हा सांगायचं होतं मामी. वाक्य जिभेवर होतं. मी म्हटलं, “पाणी आणू का?”

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “पुढच्या रविवारी म्हणू. तोवर बोलणं कमी कर.”

मी म्हटलं, “बरं.”

तेवढ्यात तू आलीस.

तू विचारतेस, त्यांना कळलं का. मला खरंच सांगता येत नाही. रस्ताभर त्यांचा आवाज आठवून बघितला, काही हाती लागत नाही. कळलं असेल तर ते मला सांभाळून घेतायत, कळलं नसेल तर मी त्यांना फसवतेय. आणि दोन्हींत मला जे करता येतं ते सारखंच आहे: जायचं आणि उभं राहायचं. तूही त्यांना विचारू नकोस. त्यांनी आपण होऊन विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव, माझ्यात ते ठरवायची ताकद उरलेली नाही. ते एक वाक्य मी आजही आरशासमोर म्हणून बघितलं. घोगरं येतं, पण पूर्ण येतं. त्यांच्यासमोर का येत नाही ते मला माहीत नाही.

काल तू म्हणालीस, ते शेजारच्यांना सांगत होते की भाचीचा घसा आठवड्यात सुटेल. त्यांना तसं सांगू दे.

रविवारी येते. गाण्याचं काय होईल माहीत नाही, पण येते म्हणावं.

त्यांच्यासमोर ‘बरं’ पलीकडे काही न बोलता येणारी,
तुझी भाची